'काय' नावाचं मंडळ

मैत्रिणींनो, मधल्या सुट्टीत सगळ्याजणी घोळक्याने डबा खायला बसल्यात आणि तुम्हाला मात्र कोणीच 'ये गं' म्हणत नाही, असं कधी झालंय?

१९२८ साली अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जपानी वंशाच्या काही मुलींची अशीच गत होती. तिथल्या कॉलेजांत मुलींची खास मंडळं असतात. सभासद एकमेकींना बहीण मानतात आणि मंडळांची नावं ग्रीक अक्षरांची! पण ही मंडळं तेव्हा गोऱ्या मुलींची. या मुली शिकल्या अमेरिकन शाळांत, बोलायच्या इंग्रजी, तरी परक्याच!

मग त्यांनी आपलंच मंडळ काढलं, 'काय आल्फा डेल्टा'. (हे 'काय' म्हणजे आपला प्रश्न नव्हे बरं का, ते ग्रीक अक्षर आहे!) १९२९ मध्ये विद्यापीठाची मान्यताही मिळाली. आशियाई वंशाच्या मुलींचं अमेरिकेतलं हे पहिलं मंडळ मानलं जातं.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. राग निघाला तो या लोकांवर. १९४२ मध्ये सरकारने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरांतून काढून काटेरी तारांच्या छावण्यांत ठेवलं. आजी-आजोबा, तान्ही बाळंसुद्धा! त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. त्यांचा गुन्हा? काहीच नाही. साहजिकच मंडळही बंद पडलं.

युद्ध संपलं. १९४६ मध्ये मुलींनी ते पुन्हा सुरू केलं. सरकारने माफी मागायला मात्र १९८८ साल उजाडलं.