विष पचवणारा मासा
दीपनगरच्या वीज केंद्रावरून जाताना धुराड्यांइतकेच ट्रान्सफॉर्मरही नजरेत भरतात. अशा विद्युत उपकरणांत एकेकाळी जगभर पीसीबी हे सहजी पेट न घेणारं, पण विषारी तेल वापरत. अमेरिकेत १९४७ ते १९७६ या काळात कपॅसिटरच्या कारखान्यांनी ते हडसन नदीत सोडलं. तरीही तिथला टॉमकॉड मासा टिकला. कसा?

कुलपात किल्ली बसावी तसं पीसीबी पेशीतल्या एका प्रथिनात बसतं आणि पिल्लांचं हृदय बिघडतं. मोजक्या माशांत मात्र हे प्रथिन जन्मतःच किंचित वेगळं होतं. किल्ली नीट बसेना. बाकीचे मेले, यांची वीण वाढली. म्हणजे एकेकटा मासा बदललाच नाही, बदलली ती जमात, तीही अवघ्या काही दशकांत! आज हडसनमधल्या जवळपास सगळ्या टॉमकॉडमध्ये प्रथिनाचा हाच वेगळा प्रकार आढळतो. विष मात्र त्यांच्या अंगात साठतंच, आणि त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत उतरतं.