पदर घेऊन बोलणाऱ्या बायका

भंडारा, तुमसर, साकोली या बाजूच्या एखाद्या मराठी चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला गेलात, तर एक गोष्ट लगेच नजरेत भरेल. प्रार्थना सुरू झाली की बायकांचे पदर आणि मुलींच्या ओढण्या आपोआप डोक्यावर येतात. शेजारच्या देवळातही त्या तशाच येतात, म्हणून ख्रिस्ती नसलेल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. आमच्याकडे मात्र या पदराला शास्त्राधार दिला जातो. संत पौलाने करिंथ या ग्रीक बंदरातल्या मंडळीला लिहिलेले पहिले पत्र, अध्याय अकरावा. प्रार्थना करणाऱ्या किंवा देवाचा संदेश सांगणाऱ्या स्त्रीने मस्तक झाकावे, असे तिथे म्हटले आहे.

आता हे वाक्य जरा सावकाश वाचावे. या वाक्यातली बाई काय करते आहे? ती नुसती पदर घेऊन बसलेली नाही. ती मंडळीत सर्वांदेखत प्रार्थना करते आहे, देवाच्या वतीने बोलते आहे. पौल तिला गप्प बस म्हणत नाही, पदर घेऊन बोल म्हणतो. आपण पदर तेवढा ठेवला आणि बोलणे काढून घेतले.

यावर लगेच दुसरे वचन पुढे केले जाते. त्याच पत्राच्या चौदाव्या अध्यायात, स्त्रियांनी मंडळ्यांत गप्प राहावे, असे आहेच. शिवाय तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, स्त्रीने पुरुषाला शिकवू नये, हेही आहे. ही वचने नाहीत असे म्हणण्यात अर्थ नाही. पण अकराव्या अध्यायात जिला बोलू दिले, तिला चौदाव्यात गप्प कसे केले, हा प्रश्न अभ्यासकांना फार दिवसांपासून छळतो आहे. काही जुन्या हस्तलिखितांत चौदाव्या अध्यायातली ती दोन वचने नेहमीच्या जागी नसून अध्यायाच्या शेवटी आहेत. म्हणून ती मागाहून समासातून आत आली असावीत, असे काहींना वाटते. दुसरे म्हणतात की, करिंथच्या सभेत जो गोंधळ चालत असे त्यापुरतीच ती ताकीद होती. मला दुसरे मत जवळचे वाटते. पण माझ्या मताला इथे फारशी किंमत नाही. मुद्दा एवढाच की, एका पत्रातली दोन वचने समोर असताना कोणते पाठ करायचे आणि कोणते विसरायचे हे आजवर ज्यांनी ठरवले, त्यांत बायका नव्हत्या.

माझी आजी बायबलबाई होती. हा शब्द आता मागे पडला आहे, म्हणून सांगते. मिशनच्या काळात परक्या पुरुषाला घरातल्या बायकांपर्यंत जाता येत नसे. म्हणून मिशन तुटपुंज्या पगारावर स्थानिक बायका नेमी. या बायका खेडोपाडी हिंडत, बायकांना अक्षरओळख करून देत, शुभवर्तमानातल्या गोष्टी सांगत. नागपूरला १८४५ साली स्टीफन हिस्लॉप आले आणि त्यांच्या स्कॉटिश मिशनचे काम पुढे वैनगंगेच्या काठापर्यंत पोचले. त्याच परंपरेतली ही आजी. रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावर बसूनही ती गोष्ट सांगे. तिची आवडती गोष्ट शोमरोनी बाईची. विहिरीवर येशूशी बोलून ती बाई घागर तिथेच टाकते आणि गावाला बातमी द्यायला धावते. ऐकणाऱ्या बायका हटकून विचारीत, "मग घागर कोणी नेली?" आजी म्हणे, "ज्याला तहान लागली होती त्यालाच विचारा!" मोठमोठ्या भाष्यांत मला इतके सुटसुटीत उत्तर सापडलेले नाही.

आठवडाभर अशी बोलणारी ही बाई रविवारी चर्चमध्ये सतरंजीवर मुकाट बसलेली असे. "तू का बोलत नाहीस?" असे मी लहानपणी विचारले होते. "तिथं पाळकसाहेब असतात ना," एवढेच ती म्हणाली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती, आणि मला आज तेच जास्त लागते.

या मौनाला महाराष्ट्रात ज्यांनी सर्वांत आधी हात घातला त्या पंडिता रमाबाई. त्यांचे समाजकार्य सगळ्यांना ठाऊक आहे. चर्चशी झालेले त्यांचे भांडण तेवढे ठाऊक नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात राहिल्या. तिथे त्यांनी मुलग्यांना शिकवावे असा विषय निघाला, तेव्हा लाहोरच्या आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात या बाईंची पत जाईल, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंना याचे आश्चर्य वाटले ते साहजिकच होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी शास्त्र्यांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवले होते. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी स्वतः रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पदव्या दिल्या होत्या. भर सभेत पुरुषांपुढे पुराण सांगत हिंडलेल्या बाईला चार मुलग्यांपुढे उभे राहण्याची बंदी, आणि ती कोणाकडून, तर स्त्रीमुक्तीचा संदेश घेऊन इथे आलेल्यांकडून!

त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो ए. बी. शहा यांनी संपादित केला आणि १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो मिळवून वाचावा. जेराल्डीनबाई आज्ञापालन मागतात, रमाबाई आधार मागतात. देवाचे वचन मानीन, पण ते मी स्वतः वाचीन. एका पुरोहितवर्गाच्या हातून सुटून दुसऱ्याच्या हाती जाण्यासाठी मी आले नाही, असा त्यांचा रोख आहे. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, आमच्या संस्कृतने काय पाप केले, असेही त्या विचारतात. त्यांच्या बाप्तिस्म्याने इकडचे लोक रागावले होते, त्यांच्या प्रश्नांनी तिकडचे रागावले. दोन्हींकडचा राग सोसून बाई ख्रिस्ती राहिल्या, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

'स्वतः वाचीन' हे त्यांनी किती मनावर घेतले ते केडगावला दिसते. आमच्या भागाचाही त्या केडगावशी धागा आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात हिंडल्या आणि शेकडो निराधार मुली-बायका घेऊन गेल्या. भंडारा जिल्हा त्या वेळी मध्य प्रांतातच होता. तिथे मुक्ती सदन उभे राहिल्यावर त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचे मराठी भाषांतर करायला घेतले. सामान्य बाईला कळेल अशी मराठी हवी, हा त्यांचा हट्ट. खिळे जुळवण्यापासून पाने बांधण्यापर्यंत छापखाना आश्रमातल्या बायकांचा. दुष्काळातून आलेल्या मुली हिब्रू अक्षरांचे खिळे जुळवीत होत्या. जवळजवळ दीड तप हे काम चालले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या आणि १९२४ मध्ये संपूर्ण बायबल छापून निघाले. चर्चच्या व्यासपीठांवर मात्र बायबल सोसायटीचेच भाषांतर राहिले. रमाबाईंना पाळकपदाची दीक्षा कोणी देऊ केली नाही, आणि त्यांनी ती मागितल्याचेही वाचनात नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण याला जोडूनच येते. राजनांदगावच्या प्रवासात ना. वा. टिळकांच्या हाती एका सहप्रवाशाने नवा करार दिला. ती रेल्वेलाइन आमच्या भंडारा रोडवरूनच जाते. नवऱ्याने अर्धवट ठेवलेले 'ख्रिस्तायन' त्याच्या मृत्यूनंतर या बाईंनी पुरे केले. पहिले थोडे अध्याय टिळकांचे, बाकी सगळे त्यांचे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने येशूचे चरित्र ओवीबद्ध केले, आणि कोणाला ते शास्त्राविरुद्ध वाटले नाही. लिहिलेले चालते, उभे राहून बोललेले चालत नाही!

मूळ ग्रीकमध्ये शिरले की अशा गमती आणखी सापडतात. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात फीबी नावाच्या बाईची शिफारस आहे. तिच्यासाठी पौल 'दियाकोनस' शब्द वापरतो. हाच शब्द तो इतरत्र स्वतःसाठीही वापरतो. मराठीत ती 'सेविका' झाली. शब्द चूक नाही, पण मराठी कानाला 'सेवक' म्हणजे पदाधिकारी आणि 'सेविका' म्हणजे झाडलोट, असे ऐकू येते. त्याच अध्यायात प्रेषितांमध्ये नावाजलेली युनिया आहे. ती बाई असणे काही युरोपीय भाषांतरकारांना इतके अवघड गेले की, त्यांनी शेवटी एक 'स' जोडून तिचा पुरुष करून टाकला.

चित्र बदललेले नाही असे नव्हे. आम्हाला धर्म देणाऱ्या स्कॉटलंडच्या चर्चने १९६८ मध्ये स्त्रियांना पाळकपद खुले केले. दक्षिण भारत चर्चने १९७६ मध्ये पहिल्या स्त्रीला दीक्षा दिली आणि २०१३ मध्ये त्या चर्चमध्ये पहिली स्त्री बिशप झाली. १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियातही स्त्रियांना दीक्षा मिळते. कॅथलिकांचे वेगळे. १९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्त्रीला पुरोहितदीक्षा देण्याचा चर्चला अधिकारच नाही असे जाहीर केले. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी मिस्सेत शास्त्रवाचन करण्याचे पद स्त्रियांना रीतसर दिले. आमच्याकडे दार नियमाने उघडले आहे, सवयीने लोटलेले आहे. मी बँकेत असताना राइस मिलची कर्जे माझ्या सहीने मंजूर होत. त्याच वर्षांत एका मंडळीच्या कमिटीत मला सांगण्यात आले, "हिशेब तुम्ही बघा, ठराव आम्ही करू." त्या लोकांत वाईट कोणी नव्हते. असो.

वर्षातून एकदा आमच्याकडे महिला रविवार असतो. त्या दिवशी उपासना बायका चालवतात. प्रवचनाला बहुधा नीतिसूत्रांतली सद्गुणी गृहिणी किंवा मार्था-मरीया यांची गोष्ट येते. येत्या वेळी राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा बाविसावा अध्याय घ्यावा, असे मी सुचवले आहे. योशीया राजाच्या वेळी मंदिराची डागडुजी चालली असताना नियमशास्त्राची एक गुंडाळी सापडते. राजा ती ऐकतो, घाबरतो आणि देवाला विचारून या म्हणून पाच मोठी माणसे पाठवतो. त्यांत खुद्द मुख्य याजक आहे. ते जातात हुल्दा नावाच्या संदेष्ट्रीकडे. ती राजवस्त्रे सांभाळणाऱ्याची बायको, यरुशलेमेतच राहणारी. ती निःशंकपणे सांगते, यात लिहिले आहे ते खरे आहे. राजा तिच्या शब्दावर देश हलवतो.

प्रवचन करणारी मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने तो अध्याय दोनदा वाचला, शेजारची पुस्तकेही चाळली आणि परवा मला विचारले, "काकू, यिर्मया संदेष्टा तर त्याच काळातला होता. मग राजाची माणसे या बाईकडे का गेली?" याचे उत्तर तूच व्यासपीठावरून दे, असे मी तिला म्हटले आहे. ती सध्या टिपणे काढते आहे.