दर महिन्याचं दान

पुण्याच्या चांदणी चौकातून पौडच्या रस्त्याला लागलं, की मुळशी तालुक्यातलं भूगाव येतं. त्याच चौकातून महामार्गाने दक्षिणेकडे वळलं, की वारजे. भूगावला 'मानव्य' ही संस्था एचआयव्हीची बाधा झालेल्या अनाथ मुलांना सांभाळते. विजयाताई लवाटे यांनी ती सुरू केली. वारज्याला सिप्ला फाउंडेशनच्या पैशांवर कर्करुग्णांच्या शुश्रूषेचं केंद्र चालतं. तिथे उपचार मोफत असतात आणि रुग्णाजवळ घरच्या माणसाला राहता येतं. दोन्ही कामं १९९७ सालची.

अशा सेवेची किंमत मला घरात कळली. माझ्या खालाला कर्करोग झाला होता. "आता घरी न्या," एवढंच एका रुग्णालयात सांगितलं. तिची कूस कशी बदलायची, कळ वाढली तर काय द्यायचं, आम्हां कुणालाच ठाऊक नव्हतं. रोग बरा होणार नसला तरी वेदना कमी करता येते, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आता पैशाचं बघू. इमारतीला देणगी लवकर मिळते. भिंतीवर नावाची फरशी बसते. पण रात्रपाळीच्या परिचारिकेचा पगार, चादरींची धुलाई, मुलांचं दूध हे दर महिन्याला लागतं. म्हणून जुने विश्वस्त निधी मुद्दलाला हात लावत नाहीत, उत्पन्नातूनच मदत देतात. आमच्याकडे वक्फमागेही हाच विचार आहे आणि गावातल्या देवस्थानाच्या इनाम जमिनीमागेही हाच.

१ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. हा पैसा मोलाचा आहे. पण तो बहुधा ठरावीक मुदतीच्या प्रकल्पाला मिळतो, आणि मग अहवालात विचारलं जातं : किती बरे झाले? आयुष्याच्या अखेरीच्या सेवेला हा प्रश्न लागूच पडत नाही. तिथे विचारायचं ते असं : वेदना कमी झाली का? झोप लागली का? घर कर्जात बुडालं नाही ना?

मुलांचा हिशेब याहून वेगळा. १९९७ साली एचआयव्हीबाधित मूल फार जगेल, अशी आशा कुणी धरत नसे. २००१ मध्ये सिप्लाने तीन औषधांचा एकत्रित उपचार एका रुग्णाला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. त्याआधी तो हजारो डॉलरचा होता. १ एप्रिल २००४ पासून सरकारने ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. नियमित औषध मिळालेली मुलं जगली, वाढली. त्यांना आता शिक्षण हवं, नोकरी हवी, अठरा वर्षांनंतर राहायला जागा हवी.

मरणाच्या दारातल्या लेकरासाठी आपला हात चटकन खिशात जातो. दहावीला बसलेल्या, रोज गोळी घेणाऱ्या मुलासाठी तो जातो का? खरी कसोटी इथे आहे.

म्हणून माझी विनंती साधी आहे. वाढदिवसाला एकदा मिठाई नेण्यापेक्षा थोडी रक्कम दर महिन्याला पाठवा. संस्थेला विचारा, "कुणाचा पगार अडला आहे?" तिथे फरशीवर आपलं नाव लागणार नाही. पण रात्री दोन वाजता कुणी कण्हलं, तर उठून जायला माणूस असेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)