‘डेल्टा’ शब्दाची कुळकथा

भूगोलाच्या पुस्तकात ‘डेल्टा’ हा शब्द ज्याच्या वाचनात आला नाही, असा विद्यार्थी विरळाच. नदी समुद्राला मिळण्यापूर्वी तिला फाटे फुटतात, त्या फाट्यांच्या मधल्या जागेत गाळ साचतो आणि अशा रीतीने जी सपाट व सुपीक भूमी तयार होते तिला डेल्टा म्हणतात, एवढे बहुतेकांना पाठ असते. परंतु त्या भूमीला हेच नाव का पडले, असे विचारले तर फारच थोडे हात वर होतात. वास्तविक हा शब्द मुळात नदीचाही नाही आणि भूमीचाही नाही. ग्रीक वर्णमालेतील चौथ्या अक्षराचे ते नाव आहे. आणि त्याच्याही मागे गेले, तर तो अक्षराचाही शब्द राहत नाही. तो घराच्या दाराचा शब्द ठरतो!

भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, आज ज्या देशाला लेबनॉन म्हणतात त्या भागात, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी फिनिशियन नावाचे लोक राहत असत. ते मोठे दर्यावर्दी आणि पट्टीचे व्यापारी होते. व्यापार म्हटला की हिशेब आला आणि हिशेब म्हटला की लेखन आले. या लोकांनी अवघ्या २२ अक्षरांत आपली भाषा लिहून काढण्याची सोय केली होती. ही सारी अक्षरे व्यंजनांची होती. ‘क कमळाचा’, ‘ग गणपतीचा’ असे म्हणत आपल्याकडची मुले अक्षरे शिकतात. फिनिशियन लोकांनी याच्याही पुढे एक पाऊल टाकले होते. ज्या वस्तूच्या नावाचा पहिला ध्वनी घ्यायचा, त्या वस्तूचेच नाव त्यांनी अक्षराला देऊन टाकले होते. पहिले अक्षर ‘आलेफ’, म्हणजे बैल. दुसरे ‘बेथ’, म्हणजे घर. चौथे ‘दालेथ’, म्हणजे दार.

ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या सुमारास ही अक्षरे ग्रीकांनी उचलली. अक्षरांबरोबर त्यांची नावेही आली, पण ग्रीक जिभेवर ती थोडी बदलली. आलेफचा अल्फा झाला, बेथचा बीटा झाला आणि दालेथचा डेल्टा झाला. ग्रीक मुलाला मात्र या नावांत ना बैल दिसत होता, ना घर, ना दार. त्याच्या दृष्टीने ती नुसती नावे होती. शब्द परमुलखात गेला म्हणजे असे पुष्कळदा होते. अंगावरचा जुना अर्थ तो सीमेवरच उतरवून ठेवतो. या पहिल्या दोन नावांच्या जोडीवरूनच पुढे ‘अल्फाबेट’ हा वर्णमालेचा शब्द तयार झाला. आपण मुळाक्षरांना ‘अ आ इ ई’ म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. दालेथचे वंशज आणखीही आहेत. अरबी आणि उर्दू लिपीतील ‘दाल’ हे अक्षर त्याच कुळातले, आणि एक कोपरा गोल होऊन बनलेला रोमन लिपीतील ‘डी’ हाही त्याच घराण्यातला.

ग्रीकांनी हे अक्षर तीन सरळ रेघांचे केले. खाली एक आडवी रेघ, तिच्या दोन टोकांपासून वर जाऊन एकमेकींना मिळणाऱ्या दोन तिरप्या रेघा; म्हणजे स्वच्छ त्रिकोण. संख्या लिहिण्याच्या त्यांच्या एका पद्धतीत डेल्टा म्हणजे ४. कारण ते चौथे अक्षर. त्याहून निराळ्या, अथेन्सकडील पद्धतीत मात्र डेल्टा म्हणजे १०. कारण दहाला ग्रीक भाषेत ‘डेका’ म्हणत. हा ‘डेका’ आणि संस्कृतातील ‘दश’ हे एकमेकांचे सख्खे नातलग आहेत, हे जाता जाता ध्यानात ठेवावे.

आता हे अक्षर नदीपाशी कसे गेले ते पाहू या. नाईल नदी आफ्रिकेच्या अंतर्भागातून उत्तरेकडे वाहत येते. इथिओपियाच्या डोंगरांवर उन्हाळ्यात जोराचा पाऊस पडतो आणि तेथील माती या प्रवाहात मिसळते. कैरो शहराच्या थोडे उत्तरेला नदीचे दोन मोठे फाटे होतात. एक रोझेटा गावाजवळ आणि दुसरा डॅमिएटा गावाजवळ समुद्राला मिळतो. प्राचीन काळी अशी सात मुखे मोजली जात. आता दोनच मुख्य उरली आहेत. कैरोपासून समुद्रापर्यंतचे अंतर सुमारे १६० किलोमीटर आहे आणि या प्रदेशाचा समुद्रकाठ सुमारे २४० किलोमीटर लांब आहे. वर निमुळती, खाली रुंद अशी ही हिरवी भूमी. तिच्या दोन्ही अंगांना वाळवंट. ग्रीक व्यापारी येथे फार पूर्वीपासून येत असत. नॉक्रेटिस नावाची त्यांची एक वसाहतच या भूमीवर होती. तिचा आकार पाहून त्यांना आपले चौथे अक्षर आठवले आणि त्यांनी तिला ‘डेल्टा’ म्हटले.

येथे एखादा चौकस विद्यार्थी शंका काढील. आजच्या नकाशात हा त्रिकोण उलटा दिसतो. टोक खाली आणि पाया वर! शंका रास्त आहे. परंतु आजच्या नकाशात उत्तर दिशा वर धरतात, म्हणून तो उलटा दिसतो. ग्रीक माणूस उत्तरेकडून, समुद्रावरून येत असे. त्याच्या समोर प्रथम रुंद किनारा लागे आणि टोक दूर, पुढे, दक्षिणेकडे असे. त्याच्या दृष्टीने अक्षर सुलटेच होते. आणि योगायोग असा, की ज्या अक्षराच्या नावाचा मूळ अर्थ दार, त्याच अक्षराच्या आकाराची ही भूमी समुद्रावरून येणाऱ्याला इजिप्त देशाचे दारच होती. ग्रीकांना मात्र हे माहीत असण्याचे कारण नव्हते.

ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात या प्रदेशाची हकीकत सविस्तर लिहिली आहे. तो नुसती नावे टिपून थांबला नाही. ही जमीन आधी नव्हतीच, ती नदीने आणून दिली, असे त्याचे मत झाले. आणि आपल्या मतासाठी त्याने पुरावे गोळा केले. किनारा अद्याप एक दिवसाच्या अंतरावर असताना जहाजावरून बुडीद सोडला, तर अकरा वाव खोलीवरून गाळ वर येतो. डोंगरांवर समुद्रातील शिंपले सापडतात. आणि या देशाची काळी, भुसभुशीत माती शेजारच्या कोणत्याही देशाच्या मातीसारखी नाही. इजिप्तचे रहिवासी स्वतः आपल्या देशाला ‘काळी भूमी’ याच अर्थाच्या नावाने ओळखत. दुर्बीण नाही, यंत्र नाही, केवळ डोळे आणि विचार यांच्या बळावर काढलेला हा निष्कर्ष मुळात खरा ठरला आहे.

तोपर्यंत डेल्टा हे विशेषनाम होते. जगात डेल्टा एकच, तो नाईलचा. त्याचे सामान्यनाम होण्याची सुरुवात झाली ती आपल्या उपखंडातील सिंधू नदीच्या काठी. ख्रिस्तपूर्व ३२५ मध्ये सिकंदर आपल्या सैन्यासह सिंधू नदीतून खाली उतरत पट्टल नावाच्या ठिकाणी पोहोचला. तेथे नदीला दोन मोठे फाटे फुटत होते. ही भूमी इजिप्तमधील भूमीसारखीच आहे, हे ग्रीकांच्या तत्काळ लक्षात आले. पुढे सिकंदराच्या मोहिमेचा इतिहास लिहिणाऱ्या एरियनने सिंधूच्या मुखाजवळील प्रदेशालाही डेल्टा म्हटले. एका नदीचे नाव दुसरीला लागले की ते तिसरीला लागण्यास अडचण राहत नाही. कालांतराने युरोपातील भूगोलज्ञांनी जगातील अशा सर्वच प्रदेशांना हे नाव दिले.

हा प्रदेश तयार कसा होतो, हे पाहण्यासाठी नाईलकाठी जाण्याची गरज नाही. पावसाळ्यात शाळेच्या पटांगणावरून गढूळ पाण्याचा ओहोळ वाहत येऊन एखाद्या डबक्यात शिरतो, तेथे क्षणभर उभे राहावे. डबक्याशी पोहोचताच ओहोळाचा वेग मंदावतो. वेग होता तोवर जे ओझे त्याने वाहून आणले, ते आता त्याला पेलवत नाही. प्रथम जाड रेती खाली बसते, मग बारीक माती. साचलेल्या मातीचाच अडथळा होतो, म्हणून पाणी तिच्या डाव्या-उजव्या बाजूंनी वाट काढते. त्या वाटांच्या तोंडाशी पुन्हा तेच घडते. घटकाभरात डबक्याच्या काठी पंख्यासारखा एक इवलासा प्रदेश दिसू लागतो. नदी हेच काम हजारो वर्षे करते. शिवाय समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मातीचे अतिसूक्ष्म कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि लवकर तळाशी बसतात.

मराठीत या भूमीला ‘त्रिभुज प्रदेश’ असा सुरेख शब्द आहे. ग्रीकांनी अक्षर पाहून जे सांगितले, तेच आपण आकाराचे नाव घेऊन सांगतो. मात्र दोन्ही नावांना एकच अडचण आहे. प्रत्येक नदी भूमितीचे नियम पाळतेच असे नाही. अमेरिकेतील मिसिसिपी नदीचा गाळ समुद्रात पक्ष्याच्या पंजासारखा पसरला आहे. आफ्रिकेतील ओकावांगो नदी तर समुद्रापर्यंत जातच नाही. बोट्सवाना देशाच्या कोरड्या मैदानातच ती फाटे फोडून जिरून जाते. तरी त्यांनाही डेल्टाच म्हणतात. आकार गेला तरी नाव राहिले.

कोकणातील नद्यांना असे प्रदेश लाभलेले नाहीत. सावित्री, वाशिष्ठी यांसारख्या नद्या सह्याद्रीवरून उतरून थोडक्या अंतरात अरबी समुद्र गाठतात. भरतीचे पाणी त्यांच्या मुखातून दूरवर आत शिरते आणि तेथे खाड्या होतात. उलट, त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावणारी गोदावरी सुमारे १,४६५ किलोमीटर चालून जाते आणि आंध्र प्रदेशात धवळेश्वरमच्या खाली गौतमी व वासिष्ठी अशा फाट्यांत विभागते. त्यांच्यामधील कोनसीमा हा भाग भातशेतीसाठी आणि नारळीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्राच्या पठारावरून वाहून गेलेली माती तेथील शेतांत आहे, असे म्हटल्यास ते अलंकारिक बोलणे होणार नाही.

अक्षर मात्र नदीकाठी अडकून पडले नाही. गणितात एखाद्या राशीत झालेला बदल दाखविण्यासाठी डेल्टा लिहितात. ज्या विमानाचे पंख त्रिकोणी, ते डेल्टा पंखांचे विमान. खांद्यावरील त्रिकोणी स्नायूचे ‘डेल्टॉइड’ हे नावही यावरूनच आले. योहान बायर या जर्मन ज्योतिर्विदाने १६०३ मध्ये ताऱ्यांना ग्रीक अक्षरे दिली. त्याच्या नकाशात सप्तर्षींपैकी अत्री हा ऋषी डेल्टा झाला. सातांमध्ये सर्वांत मंद तारा तोच. अलीकडे, मे २०२१ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने कोरोना विषाणूच्या निरनिराळ्या प्रकारांना ग्रीक अक्षरांची नावे दिली. भारतात प्रथम आढळलेल्या एका प्रकाराला जगभर ‘भारतीय’ म्हटले जाऊ लागले होते. रोगाला देशाचे नाव दिले की त्या देशाच्या माणसांकडे लोक संशयाने पाहू लागतात. म्हणून त्या प्रकाराला डेल्टा म्हणावे असे ठरले. ज्याला कोणाचाही राग येणार नाही असे नाव हवे होते, ते अडीच हजार वर्षांहून जुन्या वर्णमालेत सापडले.

पण ज्या भूमीने या अक्षराला पहिल्यांदा मातीचा अर्थ दिला, तिचे पुढे काय झाले? आस्वान येथे नाईलवर एक प्रचंड धरण बांधण्याचे काम १९६० मध्ये सुरू झाले व १९७० मध्ये पुरे झाले. धरणाने पुराचे भय गेले, वीज मिळाली, वर्षभर पाणी मिळू लागले. हे लाभ लहान नाहीत. परंतु इथिओपियाची माती आता धरणामागील विस्तीर्ण जलाशयाच्या तळाशी बसते. जो गाळ दरवर्षी फुकट शेतात येत असे, त्याच्या जागी शेतकऱ्याला खते विकत घ्यावी लागतात. समुद्राच्या लाटा किनारा पूर्वीही खरवडत असत, पण नदी तेवढी भर घालीत असे. आता लाटांचे काम चालू आहे आणि नदीचे थांबले आहे. रोझेटाच्या मुखाशी किनारा झपाट्याने मागे हटला, खारे पाणी जमिनीत शिरू लागले, आणि जी भूमी नदीने कणाकणाने समुद्रातून वर काढली होती ती राखण्यासाठी तेथील लोकांनी समुद्रकाठी काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भिंती उभारल्या आहेत.