नाव शोधण्याची वाट

संगणकाला एखादी फाईल उघडावयास सांगितली म्हणजे तो प्रथम तिचे नाव शोधतो. आपल्या पत्त्याप्रमाणे ह्या नावाचे भाग असतात. उत्तर कन्नड जिल्हा, त्यात जोयडा तालुका, त्यात कुंभारवाडा, त्यात अमुक घर, असे एकेका पायरीने जावे लागते. दर वेळी तबकडीवर जाऊन पाहणे सावकाशीचे काम. म्हणून लिनक्स ही कार्यप्रणाली सापडलेली नावे स्मरणात रांगांनी मांडून ठेवते. प्रत्येक नाव आपल्या पुढच्या नावाकडे बोट दाखवते.

पूर्वी ह्या साऱ्या रांगांना मिळून एकच कुलूप असे. यंत्रात एकच प्रोसेसर होता तोवर ते निभावले. अनेक प्रोसेसर एकाच वेळी नावे शोधू लागले, तेव्हा त्यांचा वेळ कुलपापाशी तिष्ठण्यात जाऊ लागला. आयबीएमच्या भारतातील दीपंकर सर्मा व मनीष सोनी यांनी, पॉल मॅकेनी ज्या पद्धतीच्या जनकांपैकी एक आहेत तिचा आधार घेऊन, शोधणाऱ्याने ते कुलूप घेऊच नये अशी दुरुस्ती मांडली. काढलेली नोंद तिच्यापाशी असलेले सर्व वाचक पुढे सरकल्यावरच नष्ट करावयाची, हे त्या पद्धतीचे मर्म.

श्रोतेहो, अशा दुरुस्तीचा वेग घड्याळाने मोजता येतो. तिचा खरेपणा मात्र परीक्षकाला ओळ न् ओळ वाचून, कोण कोठे उभा असता काय घडेल हे मनाशी मांडून ठरवावा लागतो. येथे त्याचा प्रश्न असा, की शोध चालू असतानाच कोणी नाव बदलले तर?

काळी नदीवरील धरणाने जुने सुपा पाण्याखाली गेले व तेथील अनेक कुटुंबे रामनगरला वसली, हे आमच्या भागात सर्वांना ठाऊक आहे. समजा, एक मनुष्य सुप्यात घरोघर विचारीत चालला आहे आणि तो ज्या दारी उभा आहे तेच घर त्या क्षणी रामनगरला हलविले. 'पुढचे घर कोणते?' म्हणताच त्याला रामनगरचे शेजारघर दाखविले जाते. ती रांग संपते आणि तो परतून सांगतो, 'असे घर नाही.' घर तर सुप्यातच, दोन दारे पुढे! असे खोटे 'नाही' मोठे घातक. एकाच फाईलच्या दोन नोंदी होऊ शकतात. आणि ज्या फाईली केवळ स्मरणातच असतात, त्यांना ह्या यादीवाचून दुसरा साक्षीदारच नाही.

तोडगा साधा आहे. नावबदलांचा एक आकडा ठेवावा. शोधापूर्वी तो पाहावा. नाव न सापडल्यास पुन्हा पाहावा, व मधे बदलला असल्यास शोध नव्याने करावा. नाव सापडले तर आकडा पाहण्याचे कारण नाही. त्या नोंदीचे स्वतःचे लहान कुलूप घेऊन नाव, वरची पायरी व नोंद अजून रांगेत आहे की नाही एवढे पडताळले की झाले. नाव बदलणे क्वचित व शोधणे अखंड, म्हणून हा सौदा परवडतो.

ही रचना डिसेंबर २००३ मधील २.६ आवृत्तीत आली. २०११ मध्ये निक पिगिन यांच्या कामामुळे एकेका पायरीवरचे ते लहान कुलूपही बहुतेक वेळा घ्यावे लागेनासे झाले. आणि परीक्षकांपुढे तोच प्रश्न पुन्हा, पायरीगणिक उभा राहिला.