दोन वर्षांचे पाहुणे

जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्या भांडणाची बातमी आली की आपण पान उलटतो. आपला काय संबंध? पण एम. एस. साठी जर्मनीची स्वप्नं पाहणारे प्रत्येक विंगमध्ये दोन-चार तरी आहेतच. तिथे कोपऱ्यावर भाजी किंवा रात्री उशिरा 'डोनर कबाब' विकणारा बहुधा तुर्की वंशाचा असेल. तो तिथे कसा आला हे कळलं की या दोन देशांचं निम्मं राजकारण कळतं. म्हणून हा लेखप्रपंच.

ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि पूर्वेकडून येणारे कामगार थांबले. पश्चिम जर्मनीच्या कारखान्यांना माणसं हवी होती. ३० ऑक्टोबर १९६१ ला तुर्कस्तानशी करार झाला. आलेल्यांना नाव मिळालं 'गास्टआर्बायटर', म्हणजे पाहुणे कामगार. मुदत दोन वर्षं, मग घरी परत. पण शिकवून तयार केलेला गडी कारखानदार कशाला सोडतील? १९६४ मध्ये ही अट निघाली. १९७३ मध्ये भरतीच बंद झाली आणि उलटंच घडलं. एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही, म्हणून अनेकांनी बायकामुलांनाच बोलावून घेतलं. आज तुर्की वंशाचे सुमारे ३० लाख लोक जर्मनीत आहेत.

खरी गोम इथेच आहे. २००० सालापर्यंत जर्मन नागरिकत्व मुख्यतः आईवडिलांवरून ठरायचं. जन्म कोलोनचा, शाळा कोलोनची, पासपोर्ट मात्र तुर्कस्तानचा! १९९३ मध्ये झोलिंगेनला वंशद्वेषातून एक घर पेटवलं गेलं आणि तुर्की कुटुंबातल्या पाच मुली-बायका गेल्या. जिथे राहतो तो देश आपलं म्हणत नसेल, तर दुसरा कुणीतरी म्हणतोच. अंकाराने नेमकं तेच केलं. २०१४ पासून तुर्की नागरिकांना जर्मनीत राहूनच तुर्कस्तानच्या निवडणुकीत मत देता येऊ लागलं. साहजिकच प्रचारही तिथे पोचला. २०१७ च्या सार्वमताआधी काही जर्मन शहरांनी तुर्की मंत्र्यांच्या सभा रद्द केल्या, तेव्हा एर्दोगान यांनी थेट नाझी काळाची आठवण काढली. जर्मनीत मतदान केलेल्यांपैकी सुमारे ६३ टक्के लोकांनी त्यांना कौल दिला. पण हक्क असलेल्यांपैकी जवळपास निम्मे मतदानाला गेलेच नव्हते, हे मात्र चर्चेत विसरलं गेलं.

आपल्या भाषेत सांगायचं तर ही 'कपल्ड सिस्टीम' आहे. एक टोक हलवलं की दुसरं हलतंच. मार्च २०१६ मध्ये निर्वासितांना रोखण्यासाठी युरोपीय संघाने तुर्कस्तानशी समझोता केला, त्यात मर्केल यांचा पुढाकार होता. जूनमध्ये जर्मन संसदेने १९१५ च्या आर्मेनियन हत्याकांडाला वंशसंहार म्हटलं. तुर्कस्तानने राजदूत परत बोलावला, इंजिर्लिक तळावरच्या जर्मन सैनिकांना भेटायला जर्मन खासदारांना मनाई केली. शेवटी २०१७ मध्ये जर्मनीने ते सैनिक जॉर्डनला हलवले. दोघेही नाटोचे सदस्य, तरीही! पण तुटेपर्यंत कुणीच ताणत नाही. तुर्कस्तानला 'युरोफायटर' विमानं विकायला असलेला विरोध जर्मनीने जुलै २०२५ मध्ये सोडला.

या सगळ्यात भरडला जातो तो मधला माणूस. एर्दोगान यांच्याबरोबरच्या फोटोवरून २०१८ मध्ये गदारोळ झाला आणि फुटबॉलपटू मेसुत ओझिलने जर्मन संघ सोडला. जिंकलो की जर्मन, हरलो की परका, अशी त्याची तक्रार होती. उलट उगुर शाहिन बघा. वडील कोलोनच्या फोर्ड कारखान्यात कामगार, आणि मुलाच्या बायोनटेक कंपनीने कोरोनाची लस बनवली.

जून २०२४ पासून जर्मनीत दोन्ही पासपोर्ट ठेवता येतात. म्हणजे 'पाहुणे' हा शब्द कायद्यातून पुसायला ६० वर्षं लागली. मला वाटतं, दोन सरकारांच्या कुस्तीचा निकाल या ३० लाख लोकांवर ठरेल. ज्या देशात त्यांना निष्ठेचा पुरावा रोज द्यावा लागणार नाही, तिकडेच ती माणसं झुकतील.