तीन आण्यांचा हिशेब

ख्रिस्ती मूल्ये आणि चारित्र्य : लेखमाला, भाग ५

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागले की पवनार मागे पडते, सेलू येते, मग केळझर आणि त्यापुढे सेलू तालुक्यातलेच सेलडोह. १९५० नंतरच्या काही वर्षांत इथे एका तमिळ ख्रिस्ती माणसाने शेती आणि ग्रामजीवनाच्या प्रयोगांसाठी आश्रम काढला. नाव दिले ‘पन्नै’, म्हणजे तमिळमध्ये शेतमळा. हा माणूस म्हणजे जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. लंडनमध्ये हिशेबनीस म्हणून तयार झालेला आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस साठीच्या उंबरठ्यावर सेलडोहच्या मातीत उतरला.

ख्रिस्ती चारित्र्य म्हटले की आपल्याला प्रार्थना, उपवास, रविवारची उपासना आठवते. कुमारप्पांच्या बाबतीत आधी आठवते ती हिशेबाची वही.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारला भूकंपाने उद्ध्वस्त केले. राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली मदत समिती झाली आणि पैशाच्या कारभारावर कुमारप्पांना बसवले गेले. देशभरातून निधी येत होता. त्यांनी स्वयंसेवकाच्या रोजच्या जेवणाला तीन आणे ठरवून दिले. पुढे समितीच्या बैठकीसाठी गांधीजी आपल्या माणसांसह पाटण्याला आले. या मंडळींचे खाणेपिणे तीन आण्यांत बसणारे नव्हते. कुमारप्पांनी गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांना सरळ सांगितले की मदत निधीतून हा खर्च मिळणार नाही, तुमची सोय तुम्ही करा. गोष्ट गांधीजींच्या कानावर गेली. त्यांनी विचारणा केली, कुमारप्पांनी कारण सांगितले, आणि गांधीजींनी ते मान्य केले.

समोर ज्याला आपण गुरू मानतो तो माणूस उभा आहे, आणि हातातला पैसा ज्यांची घरे पडली त्यांचा आहे. अशा वेळी बहुतेकांची लेखणी थोडी वाकते. कोणी त्याला दोषही देत नाही. कुमारप्पांची वाकली नाही. शुभवर्तमानात येशू पुन्हा पुन्हा कारभाऱ्याचे दाखले देतो : मालमत्ता धन्याची, ती सांभाळायला दिलेली, आणि एक दिवस हिशेब मागितला जाणार. हे दाखले पुष्कळ जण प्रवचनात ऐकतात. कुमारप्पांनी ते खतावणीत उतरवले.

हा माणूस असा एका दिवसात घडला नव्हता. ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरच्या ख्रिस्ती घरात जन्म, मुंबईत हिशेबतपासणीचा जम बसलेला व्यवसाय, अंगावर साहेबी कपडे. १९२९ च्या मे महिन्यात साबरमतीला गांधीजींची भेट झाली आणि वाट बदलली. पण धर्म त्यांनी सोडला नाही. उलट १९३० मध्ये त्यांनी ख्रिस्ती मिशनऱ्यांना आवाहन केले की कायदेभंगाच्या लढ्यात तुमची जागा अन्याय सोसणाऱ्यांच्या बाजूला आहे. भारतातील अँग्लिकन चर्चचे प्रमुख बिशप फॉस वेस्टकॉट यांना कायदेभंग ख्रिस्ताच्या शिकवणीत बसत नाही असे वाटत होते. कुमारप्पांनी आपल्याच चर्चच्या प्रमुखाशी जाहीर वाद घातला, तोही शुभवर्तमानाच्या आधारावर. गांधीजींपुढे दिसलेला ताठपणा इथे आधीच दिसतो.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत कुमारप्पा त्याचे चिटणीस म्हणून राहिले. तेलघाणी, हातकागद, मधमाशा असा सगळा पसारा. पुढे जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तके लिहिली, एक येशूच्या आचरणाबद्दल आणि दुसरे चिरस्थायी अर्थव्यवस्थेबद्दल. दोन्हींना प्रस्तावना गांधीजींची. दुसऱ्या पुस्तकात ते अर्थव्यवहाराच्या पाच पायऱ्या मांडतात : दुसऱ्याला मारून जगणारा वाघ, आयत्या आंब्यांवर ताव मारणारे माकड, स्वतःचे घरटे बांधणारा पक्षी, पोळ्यासाठी राबणारी मधमाशी, आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवता पिलांना भरवणारी पक्षीण. माणूस कमावतो कसा आणि खर्च कसा करतो, यावरून तो कोणत्या पायरीवर उभा आहे हे कळते, असे ही मांडणी सांगते. शेजाऱ्यावर प्रेम करण्याची ख्रिस्ती आज्ञा अर्थशास्त्रात आणायचा इतका सरळ प्रयत्न आपल्याकडे क्वचितच झाला असेल.

सेलडोहचा प्रयोग फार काळ चालला नाही. प्रकृती ढासळली आणि कुमारप्पा तमिळनाडूत कल्लुपट्टीच्या गांधी निकेतन आश्रमात गेले. तिथल्या झोपडीत गांधीजींच्या तसबिरीबरोबर एका गरीब शेतकऱ्याचेही चित्र होते. विनोबा भेटीला आले तेव्हा कुमारप्पांनी ओळख करून दिली : हे माझे गुरू, आणि हा माझ्या गुरूंचा गुरू. ३० जानेवारी १९६० रोजी त्यांचे निधन झाले.

वर्ध्यात ग्रामोद्योगांचे मगन संग्रहालय आजही उभे आहे, ते जरूर पाहावे. सेलडोहच्या दिवसांबद्दल मात्र फार थोडे लिहिले गेले आहे. सेलू, केळझर, सिंदी परिसरात ज्यांच्या आजीआजोबांनी ‘पन्नै’चे नाव घेतले असेल, तो मळा किंवा तिथला माणूस पाहिला असेल, त्यांनी ती आठवण घरातल्या मुलांकडून आत्ताच लिहून घ्यावी.